नाथाचा उपास

१

ऊसतोडीला गेलेली माणसं परत कशी येतात, हे उमापूरच्या अलीकडच्या त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की दोन-चार दिवसांत ट्रॅक्टर वेशीत येऊन उभा राहतो. आधी पोरं उड्या टाकतात, मग पत्र्याच्या पेट्या उतरतात, मग काजळलेली भांडी, एखादी शेळी, आणि सगळ्यांत शेवटी माणसं. ती अशी काळवंडलेली आणि वाळलेली असतात की सख्ख्या बहिणीलाही ओळख पटायला क्षणभर लागतो. सहा महिने ऊस तोडून कुणी बाळसं धरून येत नाही.

कडूबाई बाळसं धरून आली.

ती आणि तिचा नवरा नाथा चैत्रातल्या एका दुपारी, बाराच्या सुमाराला, पायी चालत आले. ट्रॅक्टर नव्हता, पेटी नव्हती, एक भांडं नव्हतं. दिवाळीनंतर गावातून अकरा कोयते गेले होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अकरातला हा एकच परत आला. बाकीचे मागून येतेत, असं कडूबाईनं वेशीतल्या बायकांना हसत सांगितलं. तिचे गाल भरले होते, कातडी तुकतुकीत झाली होती, आणि ओठ पान खाल्ल्यासारखे लाल दिसत होते. बायका तिला विचारत राहिल्या, काय गं, कारखान्यावर मुकादमानं तूप पाजलं का तुला? नाथा तिच्या मागं दहा पावलांवर उभा होता. तो मात्र नेहमीपेक्षाही वाळला होता.

घरात दोघीच होत्या. एक त्यांची लेक ऋतुजा, सतरा वर्षांची, नुकतीच बारावी सायन्सचे पेपर देऊन मोकळी झालेली. दुसरी नाथाची थोरली विधवा बहीण सरस्वतीबाई, म्हणजे ऋतुजाची आत्या. आईबापाला बघून ऋतुजा धावत सुटली तशी आत्यानं तिला दंडाला धरून मागं ओढलं. लांबून आलेल्या माणसावरून आधी भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग शिवायचं. वाटेवरचं काय काय माणसाला चिकटून येतं, ते उंबऱ्याबाहेर राहावं म्हणून. ऋतुजाला हे सगळं थोतांड वाटे, पण आत्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

"अक्का, नगं ओवाळू," नाथा लांबूनच म्हणाला. "आमी भाईरच बरे हाव."

आत्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. भाकरीचा तुकडा ओवाळला, तांब्यातलं पाणी ओवाळलं, दोन्ही रस्त्याच्या बाजूला टाकलं. तरी कडूबाई उंबऱ्याशीच उभी.

"आत ये म्हना की, वन्सं."

"आता काय पत्रिका धाडू तुला? ये, ये आत," आत्या म्हणाली, आणि कडूबाई उजवा पाय टाकून घरात आली. नाथा आला नाही. तो अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

२

जेवायला वाढलं तेव्हा नाथानं ताट परत पाठवलं. उपास आहे म्हणाला.

घर माळकरी. उपास कशाचा, असं त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं, देवाचं देवापाशी. आत्या स्वतः एकादशी धरायची, चतुर्थी धरायची, सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरायची. उरलेल्या दिवशी ती जेवते हेच नवल, असं शेजारी म्हणत. तिनं भावासाठी लगेच भगर टाकली, शेंगदाण्याची आमटी केली. नाथानं तीही परत पाठवली. केळं नको, दूध नको. तेवढं पाणी मात्र तो घोट घोट प्यायचा.

एक दिवस झाला, दोन झाले, आठ झाले. ऋतुजा बापाला दादा म्हणे, तिकडे बहुतेक घरी तीच रीत. दादांची गालफडं दिवसागणिक आत जात होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. आजाराला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, ह्यावर आत्याचा देवावर तेवढाच तिचा विश्वास होता. कावीळ असेल म्हणून तिनं बापाचे डोळे लांबून पाहिले; ते पिवळे नव्हते. पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल म्हणावं, तर त्या आजारात पाणी घशाखाली उतरत नाही, आणि दादा पाणी पीत होते. शेवटी तिनं वहीत लिहून ठेवलं, अशक्तपणा, कारण माहीत नाही.

मायचं तर तिला काही लिहावंसंच वाटलं नाही. माय ठणठणीत होती. ती कधी सगळ्यांबरोबर जेवायला बसायची नाही, विचारलं की म्हणायची, मी चुलीपाशीच खाल्लं. एकदा मोरीच्या मागं भाकरीच्या चुऱ्याचा ढीग आणि त्यावर मुंग्यांची रांग ऋतुजाला दिसली. दाढ दुखत असेल बिचारीची, सांगायला लाजत असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

मुकादमाला तिनं पाच-सहा वेळा फोन लावला. फोन बंद होता.

३

एप्रिलमध्ये दुपारी बारापासून चारपर्यंत गाव निपचित पडलेलं असतं. पत्रे तापून कडकड वाजतात, कावळासुद्धा सावली सोडत नाही. कडूबाई तेव्हा आतल्या खोलीच्या खिडकीला गोधडी लावायची आणि अंधार करून बसायची. ऊन सोसंना म्हणायची. जिचं निम्मं आयुष्य फडात, उघड्या उन्हात गेलं, त्या बाईला घरातली तिरीप सोसेना! ऋतुजानं तिला चिडवलंही, माय, तू तर पार मड्डम झालीस. माय हसली.

"ये, तुजी येनी घालते."

सहा महिने आत्याच्या हातची करकचून वेणी सोसलेल्या पोरीला ह्यापेक्षा मोठं सुख नव्हतं. ती मायच्या पुढ्यात पाठ करून बसली. मायची बोटं गार होती. त्या उकाड्यात माठाला गाल लावल्यासारखं वाटलं. फणी वरून खाली फिरत राहिली, डोळे जड होत गेले, आणि फणी कधी थांबली ते तिला कळलं नाही. नुसती बोटं मानेवर, केसांच्या मुळाशी, एका जागी थांबली होती आणि तिथंच चाचपत होती.

त्या क्षणी बाहेर लिंबाखाली दादांनी मोठ्यानं नाव घ्यायला सुरुवात केली. विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल. दोन दगड घेऊन ते एकावर एक ठोकत होते. आवाज बेसूर होता, फाटलेला होता, आणि थांबत नव्हता. मायचा हात मागं गेला.

"तुजा बाप कुनाला निजू देईना," ती म्हणाली.

ऋतुजाची पाठ मायच्या छातीला टेकलेली होती. तिला एवढंच जाणवलं, की तिथं काहीच वरखाली होत नाहीये. मग तिनं स्वतःला समजावलं की आपलाच श्वास आपल्याला जास्त जाणवतो, दुसऱ्याचा नाही. उठताना तिनं पाहिलं, मायच्या गळ्यात तुळशीची माळ नव्हती. फडात तुटली, असं मायनं सांगितलं.

मग रोज दुपारी हेच होऊ लागलं. फणी मानेपाशी थांबली की बाहेर दगड वाजायचे.

४

पंधराव्या दिवशी आत्या मोरीत चक्कर येऊन पडली. ऋतुजानं तिला जीपमध्ये घालून गेवराईला नेलं. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं, आणि आत्यावरच ओरडले. अंगात रक्त निम्मंसुद्धा उरलं नव्हतं. इतके उपास कोण करतं, म्हणाले. कारण सापडलं म्हणून ऋतुजाला बरंच वाटलं. गोळ्या घेतल्या, गूळ-शेंगदाणे घेतले. आत्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला दोन काळपट ठिपके होते, तिथूनच रक्त काढलं असेल असं तिला वाटलं. नंतर जीपमध्ये बसल्यावर आठवलं, रक्त दुसऱ्या हातातून काढलं होतं.

वेशीत शहादेव भेटला. तो मेंढरं आणि बकऱ्या राखायचा, त्याचा वाडा त्यांच्या घरामागंच होता. काट्यांचा कुड आणि आत शेळ्या. त्यानं आत्याला उतरायला हात दिला आणि ऋतुजाला जरा बाजूला घेतलं. त्याची चार करडं मेली होती. रोग म्हणावा तर ना खोकला ना जुलाब. उचलून बघावीत तर कापसासारखी हलकी.

"कुनाला बोलू नको," तो म्हणाला. "तुजा बाप रोज दिवस मावळायच्या आदी माझ्या कुडापाशी येऊन बसतो. आत येत न्हाई. नुसता बकऱ्यांकडं बघतो अन रडतो. मी इचारलं, कामून रडतो रे नाथा? तर म्हनला, मला हाकलून दे."

ऋतुजाच्या अंगावर सर्रकन काटा आला. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा लिंबाखालच्या त्या माणसाकडं बापासारखं न बघता परक्यासारखं बघितलं. तो ओठ चाटत होता.

५

पण भीतीपेक्षा माया मोठी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यापाशी गेली. ती जवळ जाताच तो बसल्या जागेवरून फरफटत मागं सरकला.

"तितूनच बोल."

"दादा, कशाचा उपास हाय ह्यो?"

त्यानं मान वर केली. सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं, आणि ऋतुजाला त्याची मान दिसली. तुळशीची माळ होती, पण माळेखालची कातडी गळाभर भाजली होती. मण्यामण्याला एकेक फोड, काही फुटलेले. उलथनं लागल्यावर कातडी होते तशी ती झाली होती. ऋतुजानं माळ काढा म्हटलं, मलम आणते म्हटलं. त्यानं माळ मुठीत घट्ट धरली, आणि मूठसुद्धा करपल्यागत कळ त्याच्या तोंडावर उमटली.

"तू हे घर सोडून जाईस्तोर धरलाय मी उपास," तो म्हणाला. "तू गेलीस की सुटला. मंग माझं काय होयचं ते हू दे. आष्टीला मामाकडं जा, पोरी. आत्याला बी ने. आजच जा."

सहा महिने वाट पाहिली ती ह्यासाठी का, असं ऋतुजाच्या मनात आलं. बाप घरी यावा आणि आल्या आल्या लेकीला हाकलावं! तिला रडू आलं आणि रडण्याचा रागही आला.

"तुमी घास खाल्ल्याबिगर मी हितून पाऊल हलवनार न्हाई," ती म्हणाली.

तो हसला. हसणं असं नव्हतंच ते. ती जाईपर्यंत तो खाणार नव्हता, आणि तो खाईपर्यंत ती जाणार नव्हती. बापाचा हट्ट लेकीत उतरला होता, आणि दोघांनाही त्याचा कधी नव्हे तो पश्चात्ताप व्हावा अशी ती वेळ होती.

"ती तुजी माय न्हाई गं," तो अगदी हळू म्हणाला. "तुजी माय तिकडं कोपीतच ऱ्हायली."

कोपी म्हणजे फडाकाठची पाचटाची झोपडी. ऋतुजानं घराकडं पाहिलं. आत माय भांडी घासत होती, राखेचा आणि पितळेचा आवाज स्वच्छ येत होता. उपाशी पोटी माणूस बरळतो, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. तांब्या तिथंच ठेवून ती परत आली. आतल्या खोलीत शिरताच भांड्यांचा आवाज थांबला. मोरीत एकही भांडं ओलं नव्हतं.

६

पुढच्या आठवड्यात दादांचा आवाज बसला. दुपारी दगड वाजायचे, पण दोन वाजून थांबायचे. मग एकच वाजायचा. माय त्यांच्याकडं दारातून बघत राहायची आणि म्हणायची, थकले आता ते.

ऋतुजानं वेणी घालून घेणं बंद केलं. उकडतंय म्हणायची, डोकं दुखतंय म्हणायची. खरं कारण तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. दुपारी ती ओट्यावर, दादांच्या नजरेच्या टप्प्यात झोपू लागली.

एका दुपारी तहानेनं तिला जाग आली. माठ आतल्या खोलीत होता. उन्हातून आत गेल्यावर काही क्षण तिला नुसता अंधारच दिसला. मग आत्या दिसली, भिंतीकडेला निजलेली, एक हात लांब टाकलेला. आणि त्या हातावर वाकलेली माय. ओढ्याला झिरा पाडून गुडघ्यावर बसून तोंडानं पाणी प्यावं, तशी ती वाकली होती. तिचे खांदे हलत होते. खोलीत एक बारीक आवाज होता, वासरू आचळाला लागल्यावर येतो तसा.

"माय?"

खांदे थांबले. माय वळली. तोंड कोरडं होतं, पदर नीट होता.

"वन्संच्या हाताला मलम लावते," ती म्हणाली. "निज तू."

मलमाची डबी कुठंच नव्हती. ऋतुजानं पाणी न पिताच पाय मागं घेतले. ओट्यावर बसून तिनं जे पाहिलं ते उलटसुलट करून पुन्हा पुन्हा पाहिलं. अंधार होता, डोळे दिपलेले होते, मी फक्त पाठ पाहिली. रक्त दिसलं का? नाही दिसलं. मग? ती माझी माय आहे. सहा महिन्यांनी मिळालेली माय कुणी इतक्या सहज सोडत नाही. बाप वेडा झालाय हे मानणं तिला जड गेलं, पण दुसरं जे काही होतं ते मानणं त्याहून जड होतं.

संध्याकाळी दादा आडवे झाले ते उठलेच नाहीत. आत्या भिंतीला धरधरून अंगणात आली, भावाला पाहून तिच्या डोळ्यांना धार लागली. हा उपास आता त्याला घेऊनच जाणार, म्हणाली. मग तिनं ऋतुजाला जुनी गोष्ट सांगितली. तिच्या सासूनं सोळा सोमवार धरले होते आणि मध्येच सासू खाटेला खिळली. घेतलेला उपास मोडता येत नाही, देवाचा कोप होतो. पण दुसऱ्या कुणी तो आपल्या अंगावर घेतला तर पहिल्याला सुटका मिळते. घरातलंच माणूस पाहिजे, रक्ताचं. तळहातावर तुळशीचं पान ठेवायचं, वर पाणी घ्यायचं, अमक्याचा उपास आजपासून माझा म्हणून देवापुढं पाणी सोडायचं. आत्यानं सासूचे उरलेले सोमवार असेच उचलले होते, आणि सासू पुढं दहा वर्षं जगली. सासू काही तिच्या रक्ताची नव्हती, पण ते विचारायची ही वेळ नव्हती.

"मीच घेतला असता," आत्या म्हणाली, "पर माझ्यात आता एक दीस उपाशी ऱ्हायाची ताकत न्हाई, बाय."

ऋतुजाचा ह्यावर विश्वास नव्हता, आणि म्हणूनच ती तयार झाली. पाण्यानं काय होतंय! पण उठल्यावर दादांना कळलं की उपास आता आपल्यावर नाही, तर ते चार घास खातील. ते जगावेत एवढंच तिला हवं होतं.

७

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. ऋतुजानं अंघोळ केली, अंगणातल्या डब्यातल्या तुळशीचं एक पान तोडलं, आणि देवळीतल्या विठोबापुढं उकिडवी बसली. दादा बाहेर निपचित पडले होते. माय आतल्या खोलीत होती.

"माझ्या बापाचा उपास आजपासून माझा," ती म्हणाली, आणि पाणी सोडलं.

काहीच झालं नाही. पाणी फरशीवरून वाहत उंबऱ्याकडं गेलं. ऋतुजाला जरा लाजल्यासारखं झालं. उठताना मात्र तिला जाणवलं की आतल्या खोलीत कुणीतरी अगदी दाराला कान लावून उभं आहे.

मग अंगणातून आवाज आला. खरखरीत, पण ओळखीचा, दिवाळीच्या आधीचा.

"अक्का, भाकर हाय का गं?"

आत्या कशी धावली ते तिचं तिलाच ठाऊक. एकादशी असून तिनं चूल पेटवली. भावाचा जीव राहिला तर देव काही नाराज होत नाही, म्हणाली. पिठलं झालं, भाकरी झाल्या. नाथा उठून बसला. त्यानं कांदा मांडीपुढं ठेवून बुक्कीनं फोडला, पहिला घास मोडला, आणि चावता चावता ढसाढसा रडला. दुसरा घास, तिसरा. हनुवटीवरून पिठलं ओघळत होतं आणि त्याला पुसायची शुद्ध नव्हती. त्याच्या गळ्यावरचे फोड कोरडे पडले होते. आत्या रडत होती आणि हसत होती. ऋतुजानं आयुष्यात ह्यापेक्षा सुंदर काही पाहिलं नव्हतं. भाकरीचा वास मात्र तिला ओल्या चुन्यासारखा आला. चूल नीट पेटली नसेल, असं तिला वाटलं.

"आज कशी काय ही भूक लागली?" नाथा म्हणाला. "महिनाभर भाकरीकडं बघवत नव्हतं मला."

"लागंल न्हाई तर काय," आत्या अभिमानानं म्हणाली. "लेकीनं उचलला तुजा उपास. पानी सोडून घेतला."

त्याचा हात ताटात तसाच राहिला. तो लेकीकडं बघत राहिला, आणि तोंडातला घास त्याला ना गिळता येईना ना थुंकता येईना.

"काय केलंस हे, पोरी," तो म्हणाला.

८

ऋतुजाला त्याचा अर्थ कळायला फार वेळ लागला नाही. आत्या तिची अलाबला घ्यायला दोन्ही हात पसरून उठली. अंगण ओलांडून ती येत होती, आणि तिच्या मनगटात काहीतरी ठोकत होतं. ते ऋतुजाला इकडच्या टोकाला ऐकू आलं. मंद, दमलेलं, तरी चालू असलेलं. कोपराच्या आतले दोन ठिपके दिसले. दोन्ही ताजे होते. आणि ऋतुजाच्या तोंडाला पाणी सुटलं.

ती तीन पावलं मागं सरली.

"लांबूनच, आत्या."

आत्याचे हात हवेतच राहिले. तिला वाईट वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. नाथानं मात्र सगळं पाहिलं. तो ताट ओलांडून लेकीकडं सरकत आला, माझा मला परत दे म्हणाला, हात जोडले, उंबऱ्याशी सांडलेल्या पाण्यात बोटं बुडवून ती कपाळाला लावली. पाणी निम्मं उन्हानं सुकलं होतं. काही होत नव्हतं. तो आता साधा, भुकेला, जेवणारा माणूस होता, आणि तिला तो तसाच हवा होता.

आतून मायचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या आवाजात घाई नव्हती.

"बरं केलंस, बाळा. लई एकली पडले हुते मी."

ऋतुजाला भीती वाटली, पण ती भीती आतल्या खोलीची नव्हती. आत्याच्या मनगटाची होती, दादांच्या मानेची होती, कुडापलीकडं बोलणाऱ्या शहादेवची होती. दादा महिनाभर काय सोसत होते ते तिला आता पोटातून कळत होतं, आणि कळता कळता तिला त्यांच्याबद्दल माया दाटून आली.

"दादा, आत्याला घिऊन आष्टीला जावा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. शहादेवकाकाला गाडी काढायला सांगा."

"अन तू?"

"मी धरते."

त्यानं खूप विनवण्या केल्या. सगळ्या इथं सांगण्यात अर्थ नाही. शेवटी त्याला एकच गोष्ट हलवू शकली. आत्या उन्हात उभी होती, आणि ऋतुजा तिच्याकडं पाहायचं टाळत होती, पण नजर पुन्हा पुन्हा तिकडंच जात होती. त्यानं बहिणीला दंडाला धरलं आणि चालायला लागला. आत्या काही न कळून मागं वळून वळून बघत होती, पोरगी जेवली का, पोरीला कुणी विचारलं का, असं म्हणत होती. शहादेवच्या मोटरसायकलचा आवाज वेशीपर्यंत गेला, मग रस्त्याला लागला, मग ऐकू येईनासा झाला.

ऋतुजा एकटीच अंगणात उभी राहिली. तिनं दादांचा उपास उचलला होता, आणि उपास उचलला की त्याची मुदतही आपलीच होते. ती हे घर सोडून जाईल त्या दिवशी तो सुटणार होता. जूनमध्ये नर्सिंग कॉलेजची यादी लागणार होती. तिचं नाव त्यात येईल, ह्याची तिला खात्री होती. वसतिगृहातल्या चाळीस पोरी तिच्या डोळ्यांपुढं आल्या, शेजारी शेजारी निजलेल्या. तिनं डोळे मिटले आणि मनातून ती यादी पुसून टाकली. फार रडू आलं, ते तिनं येऊ दिलं.

मग ती घरात गेली आणि आतून कडी लावली. माय अंधारात बसून होती. तिनं सतरंजीवर जरा सरकून जागा केली. ऋतुजा तिच्याशेजारी बसली, आणि तिनं हळू आवाजात नाव घ्यायला सुरुवात केली.